सुई टोचल्यानंतरचे चार तास

डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, हाताला दोन सुया लावून एकाच जागी राहावं लागतं. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला १५६ फेऱ्या आणि ६२४ तास होतात. भीती आणि औदासीन्य या माणसांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त ग्रासतं. आपल्याकडे त्यावर बोलायची वेळ आलीच तर ‘धीर धरा’ म्हटलं जातं, नाहीतर एखादी गोळी लिहून दिली जाते. माझं म्हणणं असं की या ६२४ तासांतले फार थोडे तास नीट वापरले, तर गोळीशिवायही हा त्रास बऱ्यापैकी कमी करता येतो, आणि मराठवाड्यासारख्या भागात हाच मार्ग सर्वांत जवळचा आहे. या म्हणण्याला आडवे येणारे प्रश्न खरे आहेत, म्हणून ते दोन आवाजांत मांडतो. एक आवाज डायलिसिस केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरचा, दुसरा जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या निवृत्त शिक्षकाचा. दोघंही कुणी विशिष्ट माणसं नाहीत. त्यांच्या तोंडचे आकडे आणि अभ्यास मात्र खरे आहेत.

गुरुजी : डॉक्टर, राग मानू नका, पण मला तुमचा प्रश्नच पटत नाही. रुग्ण उदास आहे म्हणता. तो उदास नसेल तर काय असेल? आमच्या गावातून निघायचं तर आधी वडीगोद्रीच्या फाट्यावर यायचं, तिथून अंबड, जालना किंवा संभाजीनगर, जिथं मशीनवर जागा मिळेल तिथं. सोबत घरातलं एक माणूस लागतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. उपचार योजनेतून होतो, पण जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च घरावरच पडतो. परतताना बीपी पडलेलं, पोटऱ्यांत गोळे आलेले. बाग स्वतःच्या हातानं लावलेली, आणि पोटॅशियम वाढेल म्हणून मोसंबीची फोड तोंडात घालायची चोरी. उन्हाळ्यात गावात टँकरची वाट बघायची वेळ येते, आणि याला दिवसाला लिटरभराच्या आत भागवायचं असतं. त्याच माणसाच्या एका फेरीला मशीनमधून सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं, ते तो पडल्या पडल्या बघत असतो. याला तुम्ही आजार म्हणणार? ही परिस्थिती आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला श्वासाचे व्यायाम सांगितले तर तो तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

डॉक्टर : गुरुजी, परिस्थितीबद्दल तुम्ही बोललात त्यातला एक शब्दही मी खोडत नाही. पण परिस्थिती हेच एकमेव कारण असतं तर डायलिसिसवरचा प्रत्येक माणूस खचलेला दिसला असता. तसं नाही. २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. प्रत्यक्ष मुलाखत घेऊन तपासलं तेव्हा डायलिसिसच्या रुग्णांपैकी २२.८ टक्के लोकांत औदासीन्याचा आजार दिसला. प्रश्नावली भरून घेतली तेव्हा हाच आकडा ३९.३ टक्क्यांवर गेला. हा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा, मंद हालचाल, लक्ष न लागणं असे प्रश्न असतात, आणि ते सगळं युरिया वाढला किंवा हिमोग्लोबिन उतरलं तरी होतं. म्हणून आम्ही आधी दोनच गोष्टी विचारायला हव्यात : ज्या गोष्टीत पूर्वी रस होता त्यात आता रस वाटतो का, आणि सतत उमेद गेल्यासारखं वाटतं का. म्हणजे प्रत्येक थकलेला माणूस खचलेला नसतो, आणि साधारण चार-पाच जणांत एक जण खरोखर खचलेला असतो. त्याची परिस्थिती शेजारच्या खाटेवरच्या माणसासारखीच असते, तरी तो डायलिसिस चुकवायला लागतो, पथ्य सोडतो, गोळ्या बंद करतो. डॉप्स नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात औदासीन्य असलेल्या डायलिसिस रुग्णांत दवाखान्यात भरती होणं आणि मृत्यू, दोन्ही जास्त आढळले. हे बघितल्यावर ‘परिस्थिती आहे’ म्हणून हात झटकणं मला जमत नाही.

गुरुजी : मग गोळी द्या. स्वस्त आहे, सोपी आहे. रुग्ण आधीच मूठभर गोळ्या गिळतो, त्यात अजून एक. बोलून बरं करायला माणसं कुठून आणणार?

डॉक्टर : गोळीला माझा विरोध नाही. ज्याचं औदासीन्य तीव्र आहे, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायलाच हवं आणि औषध लागलं तर द्यायलाच हवं. पण ‘गोळी दिली की झालं’ याला पुरावा साथ देत नाही. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या, पण अजून डायलिसिसवर न गेलेल्या २०१ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आला. निम्म्यांना सर्ट्रालिन हे औषध, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. औदासीन्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, आणि मळमळ, जुलाब औषधाच्या गटात जास्त. डायलिसिसच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१९ चा. त्यात १२० जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला सर्ट्रालिन, दुसऱ्याला डायलिसिस चालू असतानाच खुर्चीपाशी बसून विचार आणि वर्तन बदलायचं प्रशिक्षण, ज्याला सीबीटी म्हणतात ते, १२ आठवडे. माझ्या बाजूचा निकाल लागला नाही हेही सांगतो. सर्ट्रालिनचा गट थोडा सरस ठरला, ० ते २७ च्या मापपट्टीवर दोन गुणांपेक्षाही कमी फरकानं. दुष्परिणाम मात्र त्याच गटात जास्त होते.

गुरुजी : म्हणजे तुमच्याच पुराव्यानं गोळी जिंकली.

इथं मला मध्ये बोललं पाहिजे, कारण या मुद्द्यावर औषधाविना उपचाराचा पुरस्कार करणारे अनेकदा अर्धंच सांगतात. गुरुजींचं म्हणणं त्या चाचणीपुरतं बरोबर आहे. पण दोन गुणांहून कमी फरक आणि त्याबदल्यात जास्त दुष्परिणाम, ही तुलना रुग्णासमोर ठेवली तर निवड त्यानं करायची असते. शिवाय त्या चाचणीत ना बोलण्याचा उपचार, ना औषध, असं काहीच न मिळालेला तिसरा गट नव्हता. आपल्या डायलिसिस केंद्रांत बहुतेकांना मिळतं ते हे ‘काहीच नाही’, आणि त्याच्याशी तुलना केली तर चित्र वेगळं दिसतं. ब्राझीलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायलिसिसवरच्या ८५ औदासीन्यग्रस्त रुग्णांपैकी ४१ जणांना आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, गटात बसवून सीबीटी दिली. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ४४ जणांपेक्षा ते स्पष्टपणे सुधारले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या २०१४ च्या अभ्यासात ५९ रुग्णांना खुर्चीपाशीच हा उपचार मिळाला. औदासीन्य उतरलंच, शिवाय दोन डायलिसिसच्या मध्ये अंगावर चढणारं पाणीही घटलं. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. सावरलेला माणूस पाण्याचं पथ्य पाळू शकतो, आणि पाणी कमी चढलं की पुढच्या फेरीत बीपी कमी पडतं, धाप कमी लागते. २०१९ चा कॉक्रेन आढावा ३३ अभ्यास आणि २,०५६ रुग्णांवर उभा आहे. सीबीटी, व्यायाम आणि शरीर सैल सोडायला शिकवणाऱ्या पद्धती औदासीन्याची लक्षणं बहुधा कमी करतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘बहुधा’ हा शब्द त्या आढाव्याचा आहे, आणि तो गाळायचा नाही.

गुरुजी : अमेरिका, ब्राझील. तिथं मानसतज्ज्ञ आहेत. आमच्याकडं हाडाचा डॉक्टर गाठायला दिवस जातो.

डॉक्टर : म्हणूनच मी गोव्याचं उदाहरण देतो. तिथं ‘संगत’ या संस्थेनं आणि विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मध्यम ते तीव्र औदासीन्य असलेले ४९५ लोक होते. समुपदेशन करणारे मानसतज्ज्ञ नव्हते. त्याच भागातली, आरोग्याचं कुठलंही शिक्षण नसलेली, पण या कामासाठी तयार केलेली साधी माणसं होती. ३० ते ४० मिनिटांच्या सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के लोक औदासीन्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के. आता हिशेब करा. आठ बैठका, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. आमचा रुग्ण एका आठवड्यात १२ तास आमच्यापुढं असतो. मधुमेहाचा किंवा क्षयाचा रुग्ण शोधत फिरावं लागतं, हा तर स्वतः चालत येतो, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षं. ग्रामीण भागातल्या दुसऱ्या कुठल्याही आजारात अशी सोय नाही.

गुरुजी : पण गोव्यातले ते लोक डायलिसिसवर नव्हते.

डॉक्टर : नव्हते. मी दोन पुरावे एकत्र बांधतोय, हे मान्य. डायलिसिसच्या रुग्णाला बोलण्याच्या उपचाराचा उपयोग होतो, हे ब्राझील आणि ब्रुकलिननं दाखवलं. तो उपचार साधी, प्रशिक्षित माणसं देऊ शकतात, हे गोव्यानं दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनीच काम केलं. औदासीन्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तो कापसाचा, शेतकरी आत्महत्यांचा पट्टा होता. तिथं माणसं बोलायला तयार झाली, तर अंबड तालुक्यात का होणार नाहीत?

गुरुजी : होतील. पण हे काम तुम्ही शेवटी आशाताईंच्या गळ्यात घालणार. राज्यानं २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यातही घरोघरी जाऊन विचारपूस करायला आशाच. लसीकरण आशाकडं, बाळंतपण आशाकडं, आता मन पण आशाकडं. मानधन मात्र मोर्चे काढून मिळवायचं.

गुरुजींचा हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यानं माझं म्हणणं बदलतं. हे काम केंद्रातच व्हावं, त्यासाठी नेमलेल्या आणि पगार मिळणाऱ्या माणसानं करावं. एक समुपदेशक दोन-तीन केंद्रांना पुरू शकतो. यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडून ही अपेक्षा करणं चूक आहे, त्याचं लक्ष मशीनच्या दाबावर आणि रुग्णाच्या बीपीवरच हवं. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये आला, तेव्हापासून सरकार फेऱ्यांचा हिशेब ठेवतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. जे सरकार १५६ फेऱ्यांचा खर्च उचलतं, त्याला त्यातल्या आठ फेऱ्यांत एक माणूस स्टूल घेऊन रुग्णाशेजारी बसवणं जड जाऊ नये.

गुरुजी : समजा बसला स्टुलावर. बोलणार काय? ‘टेन्शन घेऊ नका’?

डॉक्टर : ते वाक्य सोडून सगळं. सुरुवात भीतीपासून करू, कारण ती लवकर उतरते. नव्या रुग्णाला सुईची भीती असते, आणि त्याहून जास्त मशीनच्या अलार्मची. अलार्म वाजला की त्याला वाटतं आपलं काही खरं नाही. बहुतेक वेळा नळी वाकलेली असते किंवा हात हललेला असतो. कोणता आवाज कशाचा, हे पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं तर निम्मी धडधड तिथंच थांबते. मग शरीर सैल करणं शिकवायचं : फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला, हात स्थिर ठेवून, पायाच्या बोटांपासून वर एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. सुई टोचण्याआधी आणि रात्री झोप येत नसेल तेव्हा हेच करायचं. बीपी ठीक असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर पहिल्या दोन तासांत पडल्या पडल्या पायानं पॅडल मारता येतं. नंतरच्या तासांत नको, तेव्हा बीपी पडायची शक्यता जास्त असते. औदासीन्याचं काम सावकाश चालतं. रुग्णाला विचारायचं, डायलिसिस लागल्यापासून काय काय सुटलं? तो सांगतो : शेतात जाणं, पारावर बसणं, लग्नकार्य, हरिपाठ. यातलं एक निवडायचं, लहान करायचं, आणि डायलिसिस नसलेल्या दिवसाला बांधायचं. नांगरट नको, पण सकाळी बांधापर्यंत जाऊन मोटार चालू करून यायची. मन लागायची वाट बघायची नाही, आधी जायचं. पुढच्या फेरीला विचारायचं, गेलात का, कसं वाटलं, काय आडवं आलं. गोव्यातल्या बैठकांचा गाभा एवढाच होता.

गुरुजी : मग आमचा हरिनाम सप्ताह काय वाईट? समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यात. देवाचं नाव घेऊन माणूस सावरतो, हे सांगायला कॉक्रेन लागत नाही.

डॉक्टर : वाईट काहीच नाही. आध्यात्मिक साधनेमुळे औदासीन्य उतरतं का, याबद्दल कॉक्रेन आढाव्यात पुरावा अनिश्चित आहे, एवढंच मी म्हणेन. पण सप्ताहाला जाणं म्हणजे घराबाहेर पडणं, चार माणसांत बसणं, टाळ हातात घेणं. ते यादीत पहिलं ठेवायला माझी हरकत नाही. फक्त ‘हे पूर्वजन्मीचं भोगतोस’ असं कुणी म्हणणार असेल, तर त्या माणसापासून रुग्णाला लांब ठेवा. आणि प्रसादाचं केळं देऊ नका.

गुरुजी : जयप्रकाश नारायणांचं उदाहरण आमच्या पिढीला माहीत आहे. १९७५ साली कैदेत असताना मूत्रपिंडं गेली, मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं, १९७९ ला जाईपर्यंत ते चालू होतं. आणि त्याच काळात १९७७ ची निवडणूक त्यांनी उभी केली. माणूस मनानं खंबीर असला की झालं.

डॉक्टर : खंबीरपणा हा शब्द मला नको वाटतो, गुरुजी. तो ऐकून खचलेला माणूस अजून खचतो, त्याला वाटतं आपणच कमी पडलो. जयप्रकाशजींकडं काय होतं बघा. दुसऱ्या दिवशी उठून करायचं काम होतं, भेटायला येणारी माणसं होती, त्यांच्यासाठी डायलिसिसचं यंत्र घ्यायला लोकांनी वर्गणी काढली होती. काम आणि माणसं, मी याच दोन गोष्टी लहान मापात मागतोय. तुमच्या गावाला हे नवं नाही. २९ ऑगस्ट २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण झालं तेव्हा एका माणसाच्या खालावणाऱ्या शरीराभोवती किती लोक जमा झाले, राज्यानं पाहिलं. त्यांनी अन्न सोडलं, पुढं काही वेळा पाणीही नाकारलं, पण त्या नकाराला त्यांच्या आणि लोकांच्या लेखी अर्थ होता. डायलिसिसचा रुग्णही रोज तहान मारतो. त्याच्या तहानेला कुणी साक्षीदार नसतो, आणि ती कशासाठी, हे त्यालाही बरेचदा नीट सांगितलेलं नसतं. काटेकोर पथ्यानं पुढची फेरी सुखाची गेली, तर वजनाच्या नोंदीवर बोट ठेवून ‘हे तुम्ही केलंत’ असं त्याला म्हटलं पाहिजे.

गुरुजी : हे पटलं. तरी माझा पहिला प्रश्न उभाच आहे. गाडीभाड्याचं काय?

डॉक्टर : तो पहिल्याच बैठकीचा विषय. रुग्णासोबत बसून अडचण सोडवणं हासुद्धा या उपचाराचाच भाग आहे. गावाकडच्या माणसाला सकाळची शिफ्ट मिळाली तर परतीची एसटी सापडते आणि सोबत्याचा अर्धा दिवस वाचतो. अंबडजवळ जागा झाली तर त्याचं नाव आधी यावं. ही कामं समुपदेशकानं केंद्रात भांडून करून घ्यायची.

क्रम गुरुजींचा बरोबर आहे, असं मला वाटतं. शिफ्ट बदलून मिळाल्यावरच रुग्ण त्या स्टुलावरच्या माणसावर विश्वास ठेवील, श्वासाचे व्यायाम त्यानंतर. मात्र शिफ्ट मिळाली, भाड्याची सोय झाली, तरीही ज्याला कशातच गोडी वाटत नाही, जो सगळ्यांचे निरोप घेतल्यासारखं बोलतो, जो सांगून किंवा न सांगता डायलिसिस चुकवायला लागतो, त्याच्या बाबतीत आठ बैठकांची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, घरच्यांना सांगायचं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मराठीतही. तो प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा.

गुरुजी : आणि बाईमाणसाचं काय? तुमची ती यादी पुरुषाची आहे. पार, शेत, लग्नकार्य. डायलिसिसवरून आलेली बाई घरी येऊन चूल पेटवते. तिचं काही सुटलेलंच नसतं.

डॉक्टर : तिची यादी उलटी करावी लागते. काय सुरू करायचं त्याआधी काय सोडायचं ते लिहायचं. डायलिसिसच्या दिवशीच्या भाकरी कोण करील, पाणी कोण भरील, हे तिला एकटीला विचारून उपयोग नाही. सोबत आलेला नवरा किंवा मुलगा बाहेर बाकावर चार तास बसलेलाच असतो. त्याला आत बोलवायचं आणि तिच्यासमोर हे ठरवायचं, कुणाच्या नावापुढं कोणतं काम ते कागदावर लिहून. ते झाल्यावर तिला विचारायचं, तुम्हाला स्वतःसाठी काय करावंसं वाटतं. बऱ्याच जणींना हा प्रश्न आधी कुणी विचारलेला नसतो, त्यामुळं उत्तराला एक-दोन फेऱ्या जातील. तेवढं थांबायचं.